गंगोत्रीचे चौदा नमुने आणि आलेखातल्या दोन चौकटी

पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गंगोत्री ते तपोवन या वाटेवरून ग्रॅनाइटचे चौदा नमुने आणले, त्यांचे रासायनिक विश्लेषण करून घेतले आणि रुबिडियम विरुद्ध यिट्रियम अधिक नायोबियम या प्रसिद्ध आलेखावर ते मांडले. वरच्या बाजूचे नऊ नमुने ‘खंडांच्या टकरीच्या वेळचे ग्रॅनाइट’ या क्षेत्रात पडले आणि खालच्या बाजूचे, किंचित पट्टेदार दिसणारे पाच नमुने ‘ज्वालामुखी चापातील ग्रॅनाइट’ या क्षेत्रात गेले (चाप म्हणजे एक प्लेट दुसरीखाली जाते तिथे उभी राहणारी ज्वालामुखींची रांग). सर्वांचे ए/सीएनके गुणोत्तर (ॲल्युमिनाचे चुना, सोडा आणि पोटॅश यांच्या बेरजेशी प्रमाण) १.१ च्या वर आहे. तर मग हे दोन वेगळ्या परिस्थितींत तयार झालेले ग्रॅनाइट मानायचे का, पाच नमुन्यांवरून तिथे एके काळी अधोगमन (एक प्लेट दुसरीखाली जाणे) चालू होते असे लिहिता येईल का, आणि ‘एस प्रकारचा’, म्हणजे गाळाच्या खडकांपासून आलेला, ग्रॅनाइट एवढे म्हणून प्रकरण संपवता येईल का?

तिन्ही प्रश्नांचे माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे, परंतु तिन्ही ‘नाहीं’ची कारणे वेगळी आहेत आणि ती कारणे समजून घेणे तुमच्या प्रबंधाच्या दृष्टीने उत्तरापेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल. तुमचा खरा प्रश्न, माझ्या समजुतीप्रमाणे, ‘नमुना कोणत्या चौकटीत पडतो’ हा नाहीच. तो असा आहे : कोणता खडक वितळला, तो का वितळला, आणि वितळून निघालेल्या रसाचे वर येताना काय झाले? ग्रॅनाइटचे रसायन पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी देते, दुसऱ्याचे उत्तर अर्धवट देते, आणि ‘त्या वेळी प्लेट कुठे काय करत होत्या’ याचे उत्तर मात्र ते स्वतःहून जवळजवळ देतच नाही. ते आपल्याला वय, नकाशा आणि खडकांचे परस्परसंबंध यांवरून काढावे लागते.

आपण पुण्याची मंडळी बेसाल्टवर वाढलेली असतो, आणि मला वाटते गोंधळाचे मूळ तिथेच आहे. सह्याद्रीच्या घाटांत बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर हे थर रसायनाच्या आधारे ओळखायला आपण शिकतो. तिथे एका प्रवाहातून मुठीएवढा ताजा तुकडा घेतला तरी तो त्या प्रवाहाचा प्रामाणिक प्रतिनिधी असतो, कारण खडक बारीक कणांचा असतो आणि प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, आलेला रस मुळात बराच एकसारखा असतो. त्यामुळे ‘आकडे मांडा, चौकट पाहा, नाव द्या’ ही सवय अंगी मुरते. ग्रॅनाइटला ही सवय लावली की फसगत होते. ग्रॅनाइटचा रस बहुधा कवचातून येतो, आणि कवचात चिखलापासून झालेले शिस्ट, वाळूमिश्रित ग्रेवॅक, जुने नाइस (दाब आणि उष्णतेने पट्टेदार झालेले खडक), जुने ग्रॅनाइट असे हरतऱ्हेचे खडक असतात. रस त्यांचा वारसा घेऊनच निघतो. (ओट्याच्या दुकानात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो असते, म्हणजे आपल्या बेसाल्टचेच भाऊबंद. खरा ग्रॅनाइट पुण्यालाही आहे, पण पायाखाली खोल : कोयनेच्या परिसरातील वेधनात सुमारे एक किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर आणि किल्लारीजवळ सुमारे ३४० मीटरच्या खाली तो जुना पाया लागला.)

आता तुमच्या आलेखाकडे वळू. पिअर्स, हॅरिस आणि टिंडल यांनी तो १९८४ मध्ये ६०० हून अधिक विश्लेषणांच्या आधारे मांडला. तो अत्यंत उपयुक्त आहे, पण त्याची क्षेत्रे अनुभवाने आखलेली आहेत : ज्या ग्रॅनाइटांची भूरचना, म्हणजे प्लेटच्या संदर्भातली परिस्थिती, आधीच माहीत होती ते कुठे पडतात हे पाहून रेषा ओढल्या गेल्या. टकरीच्या क्षेत्रासाठी वापरलेल्या नमुन्यांत हिमालयातीलही ग्रॅनाइट होते. तेव्हा हिमालयातील नमुना त्या क्षेत्रात पडला म्हणून तो टकरीचा, असा युक्तिवाद केला तर तो स्वतःच्याच शेपटीमागे फिरतो. शिवाय टकरीनंतरच्या ग्रॅनाइटांचे वर्गीकरण ही मोठी अडचण आहे, हे त्या लेखकांनी तेव्हाच नोंदवून ठेवले होते. आलेख पुढे प्रत्येक प्रबंधात छापला गेला, ती सूचना मात्र मागे राहिली.

तुमच्या पाच नमुन्यांचा ‘चाप’ नेमका कशामुळे झाला, हे आकड्यांतच पाहा. वरच्या नऊ नमुन्यांचे सरासरी रुबिडियम तुम्ही ३१० पीपीएम (दहा लाखांत ३१० भाग) दिले आहे, खालच्या पाचांचे १८०. आणि यिट्रियम अधिक नायोबियम दोन्ही गटांत २० ते २२ पीपीएमच्या आसपास आहे. आलेखावर त्या जागी चाप आणि टकर यांमधली सीमारेषा साधारण २०० पीपीएम रुबिडियमवर येते. म्हणजे दोन भूरचनांमधला तुमचा सगळा फरक एका मूलद्रव्याच्या सुमारे १३० पीपीएमवर उभा आहे. रुबिडियम ग्रॅनाइटमध्ये प्रामुख्याने अभ्रकात आणि पोटॅश फेल्डस्पारमध्ये बसते. रसात किती अभ्रक वितळले, नमुन्यात कोणता फेल्डस्पार जास्त साचला, नंतरच्या गरम पाण्याने अल्कली हलवले की नाही, यांपैकी कशानेही एवढा फरक पडू शकतो, आणि त्यासाठी प्लेटची हालचाल बदलावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट आधी तपासा, कारण ती सर्वांत स्वस्त आहे : नमुन्याचे द्रावण कसे केले होते? तुमच्या तक्त्यात झिर्कोनियम सरासरी ३८ पीपीएम आहे. हा आकडा मला संशयास्पद वाटतो. उघड्या भांड्यात हायड्रोफ्लोरिक आम्लाने ग्रॅनाइटची पावडर विरघळवली की झिरकॉन या झिर्कोनियमच्या खनिजाचे कण पुष्कळदा तळाशी तसेच राहतात, गार्नेटही हट्टी असते, आणि त्यांच्यासोबत झिर्कोनियम, हाफ्नियम, जड विरल मृदा मूलद्रव्ये आणि यिट्रियमही मोजणीतून गळते. द्रावण दिसायला स्वच्छ असते, म्हणून शंकाही येत नाही. याचा आलेखावर काय परिणाम होतो ते पाहा. समजा एखाद्या नमुन्यात रुबिडियम १८० आणि यिट्रियम अधिक नायोबियम २० आहे. तो चापाच्या क्षेत्रात पडेल. त्याच नमुन्यातले ८ पीपीएम यिट्रियम न विरघळता राहिले आणि बेरीज १२ आली, तर सीमारेषा त्या जागी साधारण १६० च्या आसपास असल्यामुळे तोच खडक टकरीच्या क्षेत्रात जाईल. प्रयोगशाळेतल्या एका दुपारच्या आळसाने भूरचना बदलते, ती अशी. म्हणून निदान तीन-चार नमुने लिथियम मेटाबोरेटबरोबर वितळवून पुन्हा मोजून घ्या, किंवा त्याच पावडरीची गोळी दाबून क्ष-किरण प्रतिदीप्तीने झिर्कोनियम तपासा. दोन्ही आकडे जुळले तरच पुढे जा.

या बाबतीत माझाही अनुभव कडवट आहे. हिमालयातून पहिल्यांदा नमुने आणले तेव्हा मीही बेसाल्टच्या सवयीने मुठीएवढेच तुकडे घेतले होते आणि एका प्रयोगशाळेत त्यांची पावडर टंगस्टन कार्बाइडच्या मिलमध्ये करून घेतली. निकालात टँटलम भरपूर आले, नायोबियम आणि टँटलमचे गुणोत्तर तळाला गेले, आणि दोन आठवडे आम्ही दुर्मिळ धातूंनी समृद्ध असा ग्रॅनाइट सापडल्याच्या आनंदात होतो. मग कुणीतरी कोबाल्टचा आकडा दाखवला. ग्रॅनाइटमध्ये एवढे कोबाल्ट कुठून येणार? ते मिलच्या भांड्यातून आले होते, टंगस्टन आणि टँटलमही तिथूनच. त्यानंतर ग्रॅनाइटसाठी मी ॲगेटची मिलच वापरत आलो आहे, आणि मोठ्या फेल्डस्पारचा खडक असेल तर दहा किलोपेक्षा कमी नमुना घेत नाही. पाठीवर तो वाहणाऱ्या माणसाच्या शिव्या खाव्या लागतात, पण पाच सेंटिमीटरचा एक फेल्डस्पार मुठीएवढ्या तुकड्यात आला की बेरियमचा आकडा त्या एका स्फटिकाचा होतो, खडकाचा राहत नाही.

आता ‘एस प्रकार’ या शिक्क्याविषयी. चॅपेल आणि व्हाइट यांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील लॅकलन पट्ट्यावरून ग्रॅनाइटचे ‘आय’ आणि ‘एस’ असे भेद केले : पहिला अग्निजन्य उगमाच्या खडकांपासून, दुसरा गाळाच्या खडकांपासून आलेला. ॲल्युमिना भागिले चुना, सोडा आणि पोटॅश यांची रेणूंच्या हिशेबाने बेरीज, हे ए/सीएनके गुणोत्तर १.१ च्या वर असेल तर ‘एस’कडे कल, असा संकेत रूढ झाला. चिखलाचा गाळ तयार होताना खडकाची झीज होते, त्यात चुना आणि सोडा वाहून जातो, ॲल्युमिना मातीत उरतो. त्यामुळे त्या गाळापासून झालेल्या रसात ॲल्युमिना वरचढ असतो. तर्क स्वच्छ आहे. मात्र दोन गोष्टी तो बिघडवतात. ‘आय’ प्रकारचा रसही हॉर्नब्लेंड बाजूला पडत पडत बराच विकसित झाला की १.१ ला टेकतो. आणि खडक आज झिजला असेल, फेल्डस्पारची केओलिन झाली असेल, तरी हेच गुणोत्तर वाढते. तुमच्या अकराव्या नमुन्यात ते १.३२ आहे आणि भाजल्यावरची घट २.१ टक्के आहे. ताज्या ग्रॅनाइटमध्ये ही घट साधारण एका टक्क्याच्या आत असते. तो नमुना मी तरी सरळ बाजूला ठेवीन.

शिक्का मारायचाच असेल तर त्याला साक्षीदार आणा. स्लाइडमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या खडकाच्या पातळ चकतीत, मस्कोव्हाइट (पांढरे अभ्रक) स्वच्छ, मोठ्या, स्वतःच्या कडा असलेल्या पट्ट्यांत आहे की फेल्डस्पारच्या पोटात बारीक चुरा होऊन बसले आहे? पहिले असेल तर ते रसातून स्फटिकलेले मानता येते, दुसरे असेल तर ते नंतरच्या बदलाचे. टूरमलीन, गार्नेट, सिलिमनाइट आहे का? हॉर्नब्लेंड, स्फीन, मॅग्नेटाइट अजिबात नाही ना? आणि फॉस्फरस पाहा. ॲल्युमिना वरचढ असलेल्या रसात ॲपटाइट अधिक विरघळते, म्हणून सिलिका वाढत जाते तसे ‘एस’ प्रकारात फॉस्फरस टिकतो किंवा वाढतो, ‘आय’ प्रकारात तो घटत जातो. तुमच्या चौदा नमुन्यांवर हा आलेख काढायला पाच मिनिटे लागतील, आणि एकट्या ए/सीएनकेपेक्षा मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवीन.

इथवरचा सारांश एवढाच, की चापाचे क्षेत्र तुमच्या पाच नमुन्यांत कमी रुबिडियममुळे आले आहे, यिट्रियमच्या मोजणीवर शंका आहे, आणि ‘एस’ हे नाव बहुधा बरोबर असले तरी ते अजून सिद्ध झालेले नाही.

चापाच्या बाजूने विचार करायचा झाला तर तो नकाशावर करायला हवा. टेथिस सागराचा तळ उत्तरेकडे, आशियाच्या खाली गेला. त्यामुळे त्या अधोगमनाचे ग्रॅनाइट सिंधू-त्सांगपो सीवनरेषेच्या, म्हणजे दोन खंड जिथे जोडले गेले त्या रेषेच्या, उत्तरेला आहेत : लडाखचा सुमारे ६०० किलोमीटर लांबीचा बॅथोलिथ (खोलवर थिजलेल्या ग्रॅनाइटी खडकाचा प्रचंड पिंड), पश्चिमेला कोहिस्तान, पूर्वेला तिबेटात गांगदिसे. लेहच्या वरच्या उतारावर उभे राहिलात तर तो खडक पाहून शंका उरत नाही. राखाडी ग्रॅनोडायोराइट, त्यात हॉर्नब्लेंडच्या काळ्या कांड्या, आणि जागोजागी काळपट, कडा विरलेले गोळे, म्हणजे खालून आलेल्या बेसाल्टी रसाचे थिजलेले तुकडे. त्याचे वय मुख्यतः ७ ते ५ कोटी वर्षांच्या दरम्यानचे आहे आणि स्ट्राँशियमचे आरंभीचे समस्थानिक गुणोत्तर (स्ट्राँशियम-८७ भागिले ८६; जुन्या कवचात ते जास्त, प्रावरणात कमी) ०.७०४ ते ०.७०५ च्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या अंबेनळीच्या बेसाल्टइतके. गंगोत्री मात्र सीवनरेषेच्या दक्षिणेला, भारतीय प्लेटवर आहे. जी प्लेट स्वतः खाली जात होती तिच्या पाठीवर त्या काळचा चाप उभा राहू शकत नाही. त्यामुळे टेथिसच्या अधोगमनाचा प्रश्न रसायन उघडून पाहण्याआधीच निकालात निघतो.

मग गंगोत्रीचा फिका ग्रॅनाइट आला कुठून? गोमुखाच्या वर तपोवनाकडे चढताना शिवलिंग, मेरू आणि भागीरथी शिखरांचे जे पांढुरके कडे दिसतात ते याच खडकाचे आहेत, आणि भागीरथीच्या कड्यावर पांढऱ्या ग्रॅनाइटच्या डोक्यावर काळ्या रूपांतरित गाळखडकाची टोपी बसलेली नुसत्या डोळ्यांनीही दिसते. हातात घेतला तर क्वार्ट्झ, दोन फेल्डस्पार, चमकदार मस्कोव्हाइट, कुठे बायोटाइटचे ठिपके, कुठे टूरमलीनच्या काळ्या सुया, क्वचित लालसर गार्नेट. सिलिका ७२ ते ७५ टक्के, चुना जेमतेम एक टक्का. टटल आणि बोवेन यांनी १९५८ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते की क्वार्ट्झ आणि दोन्ही फेल्डस्पार यांचे मिश्रण पाण्याच्या सान्निध्यात ज्या किमान तापमानाला वितळते तेथील रसाची घडण ग्रॅनाइटसारखीच असते. हिमालयातील फिके ग्रॅनाइट त्या किमान बिंदूच्या अगदी जवळ आहेत. ते फार तापलेल्या खडकांतून आलेले नाहीत. नुकत्याच वितळू लागलेल्या खडकांतून निथळून निघालेला रस म्हणजे हे ग्रॅनाइट.

गंगोत्रीचे मोनाझाइट या खनिजावरून मिळालेले वय सुमारे २.२ कोटी वर्षांचे आहे, आणि हिमालयाच्या या पट्ट्यातले बहुतेक फिके ग्रॅनाइट २.४ ते १.५ कोटी वर्षांच्या दरम्यानचे. भारत आणि आशिया यांची टक्कर साधारण ५.५ ते ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. म्हणजे ‘टकरीच्या वेळचा’ ग्रॅनाइट टकरीची सुरुवात होऊन सुमारे तीन कोटी वर्षे उलटल्यावर तयार झाला. हा उशीर महत्त्वाचा आहे. कवच दुमडून जाड झाले की त्यातल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारी उष्णतेने ते आतून तापू लागते, पण खडक उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे त्याला कोटी-कोटी वर्षे लागतात. प्रावरणातून बेसाल्टी रस येऊन त्याने कवच तापवले असते तर लडाखसारखे काळपट गोळे इथेही दिसले असते. ते दिसत नाहीत.

तापमान पुरेसे झाल्यावर वितळण्याच्या दोन वाटा संभवतात, आणि तुमच्या दोन गटांची गंमत मला इथेच दिसते. पहिली वाट कोरडी. शिस्टमधले मस्कोव्हाइट स्वतःच मोडते, त्याच्या रचनेतले पाणी बाहेर पडून रसात जाते, आणि मागे पोटॅश फेल्डस्पार आणि सिलिमनाइट उरतात. दुसरी वाट ओली. बाहेरून पाणी येते, क्वार्ट्झ आणि प्लॅजिओक्लेज अधिक प्रमाणात वितळतात आणि अभ्रक तुलनेने कमी खर्च होते. १९७० आणि ८० च्या दशकांत फ्रेंच भूवैज्ञानिक ल फोर यांनी नेपाळमधील मनास्लूच्या अभ्यासावरून असे सुचवले की मेन सेंट्रल थ्रस्ट या हिमालयातील मोठ्या भ्रंशावर गरम खडक थंड, ओल्या खडकांवर सरकले, खालच्यांतले पाणी वर गेले आणि वरचे वितळले. पुढे हॅरिस आणि इंगर यांनी १९९२ मध्ये लेश मूलद्रव्यांच्या गणिताने दाखवले की बहुतेक फिक्या ग्रॅनाइटांचे आकडे कोरड्या वाटेशी जुळतात.

गणित समजायला अवघड नाही. पाटिन्यो डूस आणि हॅरिस यांनी १९९८ मध्ये हिमालयातील शिस्टवर केलेल्या प्रयोगांत कोरड्या वाटेने २२ भाग मस्कोव्हाइटबरोबर ७ भाग प्लॅजिओक्लेज वितळले, तर ओल्या वाटेने ९ भाग मस्कोव्हाइटबरोबर १५ भाग प्लॅजिओक्लेज. आता आठवा, रुबिडियम अभ्रकात राहते, स्ट्राँशियम प्लॅजिओक्लेजमध्ये, आणि बेरियम पोटॅश फेल्डस्पार व अभ्रक यांत. कोरड्या वाटेत रुबिडियम रसात भरपूर येते, स्ट्राँशियम कमी येते, आणि मागे उरलेला पोटॅश फेल्डस्पार बेरियम धरून ठेवतो. ओल्या वाटेत प्लॅजिओक्लेज ओतले गेल्यामुळे स्ट्राँशियम वाढते, युरोपियमची घट (शेजारच्या विरल मृदा मूलद्रव्यांच्या तुलनेत ते कमी असणे) सौम्य होते, बेरियमही फारसे अडत नाही. तुमच्या वरच्या गटात रुबिडियम ३१० आणि स्ट्राँशियम ६२, म्हणजे गुणोत्तर ५, बेरियम २००. खालच्या गटात १८० आणि १३०, म्हणजे गुणोत्तर १.४ च्या आसपास, बेरियम ५२०. पहिला गट कोरड्या वाटेच्या वर्णनात बसतो, दुसरा ओल्या वाटेच्या. चाप आणि टकर यांऐवजी ‘बाहेरच्या पाण्याविना’ आणि ‘पाण्यासह’ अशी दोन नावे तुमच्या आलेखाला दिली असती तर मी कमी आक्षेप घेतले असते.

कमी म्हटले, कारण आक्षेप संपत नाहीत. रुबिडियम वाढणे आणि स्ट्राँशियम व बेरियम घटणे हे रसातून फेल्डस्पार साचून बाजूला पडत गेल्यानेही होते. तुमच्या वरच्या गटात पोटॅश ४.६ टक्के आहे. त्यातले पोटॅशियम सुमारे ३.८२ टक्के, म्हणजे ३८,२०० पीपीएम, आणि त्याला रुबिडियमच्या ३१० ने भागले की १२३ येतात. सर्वसाधारण कवचात हे गुणोत्तर दोनशेच्या वर असते. म्हणजे थोडेफार विभाजन (आधी तयार झालेले स्फटिक रसातून वेगळे होणे) झाले आहे हे नक्की. गेल्या काही वर्षांत तिबेटच्या बाजूला काम करणाऱ्या चिनी भूवैज्ञानिकांनी हिमालयातील फिके ग्रॅनाइट हे मूळ रस नसून फार पुढपर्यंत विभाजन झालेले रस आहेत, अशी बाजू जोरात मांडली आहे, आणि बेरिलियम व लिथियमची खनिजे सापडल्याने तिला वजनही आले आहे. माझे मत दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे : टूरमलीनवाले आणि पेग्मॅटाइटच्या (फार मोठ्या स्फटिकांच्या खडकाच्या) जवळचे नमुने विभाजनाचे, दोन अभ्रकांचे एकसारख्या पोताचे नमुने मूळ रसाच्या जवळचे. म्हणून नऊ नमुन्यांची सरासरी काढू नका. टूरमलीनवाले वेगळे करा आणि मग पाहा, रुबिडियम-स्ट्राँशियमचे पाच हे गुणोत्तर दोन्हींत टिकते का.

खालच्या पाच नमुन्यांबद्दल माझी शंका वेगळीच आहे. ओल्या वाटेचा रस वर चढू लागला की लवकर थिजतो, कारण पाण्याने संपृक्त रसाची घनरेषा (ज्या तापमानाखाली तो पुरता थिजतो ती) दाब घटतो तसे अधिक तापमान मागते. कोरड्या वाटेचा रस मात्र दाब घटला की अधिकच सुटा होतो आणि लांब जाऊ शकतो. त्यामुळे ओल्या वाटेचे रस आपल्या उगमापाशीच, मिग्मॅटाइटच्या, म्हणजे अर्धवट वितळलेल्या खडकाच्या, पट्ट्यांत अडकून सापडावेत. तुमचे पाच नमुने पट्टेदार आहेत, ही गोष्ट याच्याशी सुसंगत आहे. पण पट्टेदार असण्याचे दुसरे आणि अधिक साधे कारणही असू शकते : ते मुळात २.२ कोटी वर्षांचे नसतीलच. हिमालयात सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइट विपुल आहेत. हिमाचलात मंडीचा प्रसिद्ध आहे. त्यांतले पुष्कळसे पुढे हिमालय घडताना दाबले जाऊन डोळ्यांसारखे फेल्डस्पार असलेले नाइस झाले. त्यांचेही ए/सीएनके १.१ च्या वर असते, त्यांतही मस्कोव्हाइट असते, आणि १९८४ च्या आलेखावर तेही चाप आणि टकर यांच्या सीमेवर रेंगाळतात. ५० कोटी आणि २.२ कोटी वर्षांचे दोन खडक एकाच चौकटीत पडतात, यावरून त्या चौकटीला काळाची जाणीव किती आहे ते समजते.

हे सोडवायला वय लागेल, आणि ते काढण्याची पद्धत विचारपूर्वक निवडा. संपूर्ण खडकाच्या रुबिडियम-स्ट्राँशियम समकालरेषेच्या (अनेक नमुने एका रेषेवर मांडून वय काढण्याच्या पद्धतीच्या) फंदात पडू नका. मनास्लूवर हे स्पष्ट झाले आहे की एकाच ग्रॅनाइटच्या अंगात आरंभीचे स्ट्राँशियम गुणोत्तर जागोजागी वेगळे आहे, कारण तो एका मोठ्या कढईतून आलेला नाही, लहान-लहान पळ्यांनी भरलेला आहे. सर्व नमुन्यांचे आरंभीचे गुणोत्तर सारखे असावे, ही समकालरेषेची पहिली अटच तिथे मोडते. झिरकॉन घेतलात तर त्याच्या गाभ्यात ५०, ८० ते १०० किंवा १८० कोटी वर्षांचे जुने कण भेटतील आणि २.२ कोटींची वाढ काही मायक्रॉनच्या सालीत असेल. ७०० ते ७५० अंशांचा रस जुने झिरकॉन पुरते विरघळवू शकत नाही. म्हणून लेझरखाली ठेवण्याआधी प्रत्येक कणाचे कॅथोडोल्युमिनेसन्स चित्र (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने कणाच्या आतले थर दाखवणारे) घ्या आणि गाभा व साल यांवर वेगळे ठिपके मारा. शक्य असेल तर मोनाझाइट निवडा. झिर्कोनियमच्या संपृक्ततेवरून तापमान काढताना हीच गोष्ट उलट बाजूने आड येते : मोजलेल्या झिर्कोनियममध्ये जुन्या गाभ्यांचाही वाटा असल्यामुळे निघालेले तापमान ही रसाच्या तापमानाची वरची मर्यादा असते. अर्थात तुमच्या ३८ पीपीएमवरून काढलेले तापमान सध्या कशाचीच मर्यादा नाही.

उगमाचा खडक कोणता, यासाठी मात्र समस्थानिकांना पर्याय नाही. उच्च हिमालयातील फिक्या ग्रॅनाइटांचे आरंभीचे स्ट्राँशियम गुणोत्तर ०.७४ च्या वर, काही ठिकाणी ०.७८ पर्यंत असते. आपल्याकडे बुशेच्या बेसाल्टमध्ये ते ०.७१३ च्या वर गेले की आपण ‘ग्रॅनाइटी कवचाची भेसळ’ म्हणून बोट दाखवतो. इथे सगळा खडकच कवचाचा आहे. एप्सिलॉन निओडिमियम (निओडिमियमच्या समस्थानिकांचे माप; जितके अधिक उणे तितके उगमाचे कवच जुने) साधारण उणे १२ ते उणे १७ आले तर ते उच्च हिमालयाच्या शिस्ट आणि नाइसशी जुळते. उणे २० च्या खाली गेले तर लघु हिमालयातील जुन्या खडकांकडे पाहावे लागते. पाच आणि नऊ या दोन्ही गटांतून प्रत्येकी दोन नमुने पुरतील. चारांवर काम भागते तिथे चौदांचा खर्च करू नका. विद्यार्थ्याच्या अनुदानात तो बसतही नाही.

प्रबंधात लिहायचे झाले तर आज, या क्षणी, तुमच्या हातातील पुराव्यावर मी एवढेच लिहीन : वरचे नऊपैकी ताजे नमुने ॲल्युमिना वरचढ असलेल्या, मस्कोव्हाइट मोडून निघालेल्या आणि काही प्रमाणात विभाजन झालेल्या रसाचे आहेत, खालचे पाच वेगळ्या रसाचे किंवा वेगळ्या वयाचे आहेत, आणि या दोहोंतून निवड करण्यासाठी वय आवश्यक आहे. ‘चाप’ हा शब्द मी वापरणार नाही. आलेख छापायचा असेल तर छापा, पण त्याखाली क्षेत्रांच्या नावांऐवजी रुबिडियमचा फरक कशामुळे पडला असावा हे लिहा.

काही गोष्टी कळल्या तर मी याहून नेमके सांगू शकेन. त्या पाच नमुन्यांच्या स्लाइडचे फोटो, साध्या आणि छेदित ध्रुवित प्रकाशातले, दोन्ही द्या. मस्कोव्हाइट पट्ट्यांच्या दिशेत वळले आहे की पट्टे कापून वाढले आहे, हे मला पाहायचे आहे. वरच्या आणि खालच्या खडकाची प्रत्यक्ष सीमा कुठे दिसली का, आणि दिसली असेल तर पांढरा ग्रॅनाइट पट्टेदार खडकात शिरा होऊन घुसलेला होता का, तेही आठवून सांगा. शिरा घुसलेल्या असतील तर कोण आधीचे हा प्रश्न तिथेच सुटतो. आणि पावडर कोणत्या मिलमध्ये केली होती, ते प्रयोगशाळेला आजच विचारून घ्या.